रिसर्च मेथडचे शब्द पाठ करू नका, त्यांना दुपारी झोपवून बघा

माझ्या बहिणीची मुलगी यंदा अकरावीला आहे, आर्ट्सला, आणि हौसेनं सायकॉलॉजी घेतलंय, तिला वाटलं होतं समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखायला शिकवतील. पुस्तक उघडलं तर व्हेरिएबल, हायपोथिसिस, सॅम्पलिंग, रिलायबिलिटी. गेल्या महिन्यात डिचोलीला आमच्याकडे आली ती तोंड पाडूनच. "मावशी, ह्यात मन कुठाय गो?"

मला हसू आलं कारण माझंही हेच झालं होतं. प्रायमरी मराठीतून, पाचवीपासून सगळं इंग्रजी, गोव्यात आमच्यासारख्या पोरांची ही ठरलेली वाट. व्याख्या घडाघडा पाठ केल्या, मार्कही पडले, पण इंडिपेंडंट कुठला आणि डिपेंडंट कुठला हे दर वेळी परीक्षेच्या हॉलमध्ये नाणं उडवल्यासारखं ठरवायचे. अर्थ लागला तो बीएच्या शेवटच्या वर्षी, एक छोटा प्रोजेक्ट केला आणि तो सपशेल फसला तेव्हा. म्हणून तिला मी जे करायला लावलं तेच इथं लिहितेय, कुणाला उपयोग झाला तर बरंच आहे.

पहिलं काम, पुस्तक मिटा आणि एक प्रश्न शोधा. असा प्रश्न की ज्यावरून तुमच्या घरात खरोखर वाद होतो. पुस्तकातलं उदाहरण नको, ते दुसऱ्याचं असतं, उद्या विसरणार. आमच्या घरातला वाद दुपारच्या झोपेचा. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे एक वाजला की बाजारातली बरीच दुकानं शटर ओढतात ती साडेतीन-चारपर्यंत उघडत नाहीत. आई म्हणते जेवून अर्धा तास आडवं झालं की डोकं चालतं, बाबा म्हणतात दुपारी झोपणारा पोरगा पुढे कामाचा राहत नाही, आणि हे बोलून झालं की स्वतः पेपर तोंडावर घेऊन घोरतात. तर प्रश्न हा: दुपारी झोपल्यानं वाचलेलं जास्त लक्षात राहतं का?

दुसरं काम, वहीच्या एका पानावर तीन रकाने पाडा. पहिल्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात तुमच्या तोंडातला शब्द, तिसऱ्यात झोपेच्या प्रश्नातलं उदाहरण. दुसऱ्या रकान्यात पुस्तकी मराठी भरायच्या भानगडीत पडू नका. कुठल्या पुस्तकात व्हेरिएबलला चल म्हणतात, कुठल्यात परिवर्तक, रँडमला तर यादृच्छिक, हा शब्द उच्चारेपर्यंत तास संपतो. परीक्षेला लागतील तेव्हा लागतील, सध्या रँडमपुढे "चिठ्ठ्या टाकून" एवढं लिहा. आणि तिसरा रकाना रिकामा राहिला तर समजायचं की तो शब्द आपल्याला येत नाही, व्याख्या कितीही पाठ असू दे.

आता व्हेरिएबल. व्हेरिएबल म्हणजे जे बदलतं ते, बस. आमच्या प्रश्नात झोप बदलते (काहीजण झोपणार, काही जागे राहणार) आणि लक्षात राहिलेल्या शब्दांचा आकडा बदलतो. ह्यातलं जे आपण मुद्दाम बदलतो ते इंडिपेंडंट, आणि त्याचा परिणाम ज्यावर मोजतो ते डिपेंडंट. भाचीचा घोळ व्हायचा तेव्हा मी तिला विचारायचे, "तुझ्या हातात काय आहे?" झोपवणं आपल्या हातात, ते इंडिपेंडंट. किती आठवलं ते आपल्या हातात नाही, ते नुसतं मोजायचं, ते डिपेंडंट. सगळीकडे हे चालत नाही, वय किंवा बाई-पुरुष ह्या गोष्टी कुणाच्याच हातात नसतात तरी त्यांना कधीकधी त्या जागेवर बसवतात, पण सुरुवातीला एवढं पुरे.

हायपोथिसिस म्हणजे आईचं वाक्य, पण मोजता येईल असं करून. "झोपलं की डोकं चालतं" हे हायपोथिसिस नाही, कारण डोकं चालणं मोजणार कसं? "जे विद्यार्थी यादी वाचल्यावर अर्धा तास झोपतील त्यांना जागे राहिलेल्यांपेक्षा जास्त शब्द आठवतील", हे झालं. आणि नल हायपोथिसिस म्हणजे "झोपा नाहीतर जागे राहा, काही फरक पडत नाही". ह्या नलला लक्षात ठेवा, पुढे सगळं गाडं त्याच्यावरच चालतं.

डोकं चालणं म्हणजे नेमकं काय धरायचं हे ठरवणं, ह्याला म्हणतात ऑपरेशनल डेफिनिशन. माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा शब्द आणि पुस्तकात त्याला चार ओळी. आम्ही ठरवलं: लक्षात राहणं म्हणजे वीस शब्दांची यादी दोन मिनिटं वाचायची, अर्ध्या तासानं कोऱ्या कागदावर आठवतील तेवढे लिहायचे, बरोबर शब्दांची संख्या हा स्कोअर. झोप म्हणजे पडदे ओढलेल्या खोलीत दोन ते अडीच डोळे मिटून पडणं. इथं भाची म्हणाली, डोळे मिटले पण झोप लागलीच नाही तर? बघा, आता ती सायकॉलॉजी करायला लागली.

आता माझा फसलेला प्रोजेक्ट. प्रश्न साधारण हाच होता. मी हॉस्टेलच्या मुलींना गोळा केलं आणि शहाणपणा करून सांगितलं, ज्यांना झोपायचंय त्या ह्या खोलीत, ज्यांना नाही त्या बाहेर व्हरांड्यात. झोपलेल्यांना चक्क कमी शब्द आठवले, मी ठसक्यात लिहून मोकळी, दुपारची झोप स्मरणशक्तीला मारक. मॅडमनी वही चाळली आणि एकच प्रश्न विचारला, झोपायला कोण गेलं? कोण जाणार, ज्या रात्री दोनपर्यंत गप्पा मारत बसल्या होत्या त्या. व्हरांड्यात राहिल्या त्या पहिल्या बाकावरच्या, नऊ तास झोपून आलेल्या. म्हणजे मी दुपारच्या झोपेचा परिणाम मोजलाच नाही, आदल्या रात्रीच्या जागरणाचा मोजला. ह्या घुसखोराला म्हणतात कन्फाउंडिंग व्हेरिएबल. आपण एक बदललं असं आपल्याला वाटतं आणि त्याच्या शेपटीला धरून दुसरंही बदललेलं असतं. त्या प्रोजेक्टला मार्क किती मिळाले ते विचारू नका.

त्यावर औषध म्हणजे रँडम असाइनमेंट. हे भाचीला हातानं करायला लावलं. शेजारपाजारची, नात्यातली मिळून वीस मुलं, स्टीलचा डबा, दहा चिठ्ठ्यांवर झोप, दहावर जाग. पहिल्यांदा तिनं अर्ध्या चिठ्ठ्या वहीच्या कागदाच्या केल्या आणि कागद संपला म्हणून बाकीच्या कालनिर्णयच्या जाड कागदाच्या, बोटाला लगेच कळत होतं. फाडून परत केल्या, एकाच कागदाच्या, सारख्या घडीच्या. ह्यानं जागरण करणारी, हुशार, आळशी, सगळी मुलं दोन्ही गटांत आपोआप वाटली जातात (नेमकी निम्मी-निम्मी नाही, पण कुणाच्या मर्जीनं तरी नाही). झोपणारा गट तो एक्सपेरिमेंटल ग्रुप, जागा राहणारा तो कंट्रोल ग्रुप. आणि जाग्यांना मोबाईल द्यायचा नाही हं, नाहीतर झोपेनं फायदा झाला की रीलनं तोटा झाला ते कळणार नाही.

इथं निम्मा वर्ग घसरतो, म्हणून जरा थांबते. रँडम असाइनमेंट आणि रँडम सॅम्पलिंग ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नुसता रँडम शब्द सारखा. असाइनमेंट म्हणजे हाताशी आलेल्या माणसांना गटांत कसं वाटलं. सॅम्पलिंग म्हणजे ती माणसं मुळात आणली कुठून. आमची वीस मुलं कुठली? डिचोलीतली, आमच्या ओळखीची. हा कन्व्हिनियन्स सॅम्पल, सोयीनं मिळाले ते. त्यांच्यावरून "गोव्यातले विद्यार्थी" असं बोलायचं असेल तर गोव्यातले सगळे विद्यार्थी हे आपलं पॉप्युलेशन, आणि त्यातल्या प्रत्येकाला निवडलं जायचा सारखा चान्स हवा, तो सिंपल रँडम सॅम्पल. किंवा बाराही तालुके घेऊन प्रत्येकातून तिथल्या विद्यार्थ्यांच्या प्रमाणात चिठ्ठ्या काढायच्या म्हणजे सत्तरी, काणकोण, धारबांदोडा सुटणार नाही, हा स्ट्रॅटिफाइड. पणजीच्या कदंब स्टँडवर संध्याकाळी पाच वाजता उभं राहून शंभर लोकांना फॉर्म भरायला लावला तर त्याला रँडम म्हणू नका, जो घाईत आहे तो तुमच्यासमोर थांबणारच नाही. हे दुखणं मोठमोठ्या संशोधकांनाही आहे, २०१० मध्ये हेनरिक, हाइने आणि नोरेनझायन ह्या तिघांनी दाखवून दिलं की माणसाच्या मनाबद्दलचे बरेचसे निष्कर्ष पाश्चात्त्य, शिकलेल्या, श्रीमंत देशांतल्या लोकांवरून, त्यातही पुष्कळदा कॉलेजच्या पोरांवरून काढलेले असतात.

रिलायबिलिटी आणि व्हॅलिडिटी ही दुसरी जोडी. आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे, बस चुकू नये म्हणून आजोबांनी केलं होतं ते अजून तसंच. रोज न चुकता दहाच मिनिटं पुढे. ते रिलायबल आहे, पण खरी वेळ काही सांगत नाही, म्हणून व्हॅलिड नाही. शब्दांच्या यादीत हे कसं आलं बघा. भाचीनं पहिली यादी इंग्रजीत केली, त्यात अम्ब्रेला, नेबर, असले शब्द. मराठी शाळेतली एक छोटी मुलगी स्पेलिंग आठवत बसली आणि सात शब्दांवर अडकली, तोंडी विचारलं तर तेरा सांगितले. म्हणजे आम्ही मेमरी मोजत नव्हतो, स्पेलिंग मोजत होतो, व्हॅलिडिटीची वाट. मग यादी बदलली, छत्री, शेजारी, करवंटी, होडी, नुस्तें, तांब्या असे शब्द घातले. करवंटी सगळ्यांना आठवली, का कुणास ठाऊक.

आकड्यांचं जास्त बोलत नाही. मीन म्हणजे सरासरी, मिडियन म्हणजे ओळीनं लावल्यावर मधला, मोड म्हणजे सगळ्यात जास्त वेळा आलेला. एवढ्यावर थांबू नका, स्टँडर्ड डेव्हिएशनकडे बघा. पाच मुलांचे स्कोअर ११, १२, १२, १२, १३, आणि दुसऱ्या पाचांचे ५, ८, १२, १६, १९. दोन्हींची सरासरी १२. पण पहिली मुलं एका माळेचे मणी आणि दुसरीत कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही, हा जो पसारा तो स्टँडर्ड डेव्हिएशन. सूत्र नंतर शिका, आधी पसारा डोळ्यांना दिसू दे.

कोरिलेशनसाठी झोपेचा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि जूनची वाट बघा. छत्र्या बाहेर निघतात तेव्हाच बेडूक ओरडायला लागतात. दोन्ही बरोबर वाढतात, हे पॉझिटिव्ह कोरिलेशन. छत्री उघडल्यानं बेडूक ओरडतो असं कुणी म्हणत नाही, कारण मधला पाऊस आपल्याला दिसतो. पेपरात "मोबाईल जास्त बघणारी मुलं जास्त उदास" असं आलं की मात्र पाऊस शोधायचं आपण विसरतो. उदास मुलं मोबाईल जास्त बघत असतील, किंवा तिसरंच काही दोघांच्या मागे असेल. कोरिलेशन उणे एक ते अधिक एकच्या मध्ये असतं, आणि उणे ०.८ (एक वाढलं की दुसरं घटतं) हे अधिक ०.३ पेक्षा घट्ट नातं, उणे दिसलं म्हणून कमी समजायचं नाही.

आता पी व्हॅल्यू, जिच्या नावानं सगळे रडतात. ह्यासाठी आमचे काका लागतात. काकांचा दावा असा की हुमणाचं, म्हणजे आमच्या माशांच्या कालवणाचं, वाटप दगडी रगड्यावर वाटलंय की मिक्सरात, हे ते एका घासात सांगतात. असाच एक दावा इंग्लंडमध्ये एका बाईनं चहाबद्दल केला होता, कपात आधी दूध की आधी चहा हे मला चवीवरून कळतं म्हणून, आणि रोनाल्ड फिशर ह्या स्टॅटिस्टिक्सवाल्यानं त्यावरून आठ कपांचा प्रयोग मांडला, १९३५ च्या त्याच्या पुस्तकात तो आहे. आम्ही तसंच केलं. आठ वाट्या, चार रगड्याच्या, चार मिक्सरच्या, क्रम चिठ्ठ्या टाकून, काकांना एवढंच सांगितलं की ह्यातल्या चार रगड्याच्या, त्या वेगळ्या काढा.

आठातून चार निवडायचे सत्तर प्रकार होतात. काकांना काहीही कळत नाही असं धरलं (हाच तो नल) तर नुसत्या नशिबानं चारही बरोबर यायची शक्यता सत्तरात एक, म्हणजे दीड टक्क्याहून थोडी कमी, ०.०१४. ही पी व्हॅल्यू. नल खरा असता तर असा किंवा ह्याहून भारी निकाल यायची शक्यता किती, एवढंच ती सांगते. काका बरोबर असायची शक्यता ती सांगत नाही, ही चूक पुष्कळ शिकलेसवरलेले करतात. पी ०.०५ च्या खाली आली की निकालाला सिग्निफिकंट म्हणायची प्रथा आहे, ती प्रथाच, देवानं दिलेला आकडा नव्हे. आणि सिग्निफिकंट म्हणजे महत्त्वाचा असंही नाही, हजारो मुलं घेतली तर अर्ध्या शब्दाचा फरकसुद्धा सिग्निफिकंट निघेल, फरक मोठा की छोटा हे इफेक्ट साइज सांगतो.

पहिल्या खेपेला वाट्या काकी वाढत होती, आणि कुठली वाटी कुठली ते तिला माहीत. काका वाटीकडे कमी आणि काकीच्या तोंडाकडे जास्त बघत होते. थांबवलं. जर्मनीत हान्स नावाचा घोडा होता, गणितं सोडवायचा, उत्तराएवढे खूर आपटायचा, लोक थक्क. ऑस्कार फुंग्स्ट ह्या मानसशास्त्रज्ञानं १९०७ मध्ये तपासलं तर विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की घोड्यालाही येत नव्हतं. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याची मान नकळत किंचित हलायची आणि घोडा थांबायचा. म्हणून डबल ब्लाइंड, खाणाऱ्यालाही माहीत नको आणि वाढणाऱ्यालाही. दुसऱ्या खेपेला काकीनं स्वयंपाकघरात वाट्या भरल्या, खाली नंबर चिकटवले आणि वाढायला भाचीला पाठवलं, जिला काहीच ठाऊक नव्हतं. झोपेच्या प्रयोगात झोपणाऱ्याला ब्लाइंड करता येत नाही, झोपलो की नाही हे ज्याचं त्याला कळतं, पण पेपर तपासणाऱ्याला तरी करता येतं.

टाइप वन, टाइप टू एरर म्हापशाच्या मासळी बाजारात शिका. नल असा धरा की बांगडा शिळा आहे. शिळा होता आणि तुम्ही ताजा म्हणून घेऊन आलात, टाइप वन, नसलेलं दिसलं. ताजा होता आणि तुम्ही शिळा समजून सोडून आलात, टाइप टू, असलेलं दिसलं नाही. पहिल्या चुकीचा वास घरी येतो, दुसरी कधी कळतच नाही.

एवढे शब्द वहीत आले की खरं संशोधन हातात घ्या आणि पेन्सिलनं प्रत्येक शब्द त्यात शोधा. सोपं पहिलं: १९७४, लॉफ्टस आणि पामर. ४५ विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघातांच्या फिल्म दाखवल्या आणि गाड्यांचा वेग विचारला, प्रश्नात फक्त क्रियापद बदललं, कुणाला गाड्या एकमेकींवर "जोरात आदळल्या" तेव्हा, कुणाला "टेकल्या" तेव्हा. आदळल्यावाल्यांनी सरासरी ताशी चाळीस मैलांहून थोडे जास्त सांगितले, टेकल्यावाल्यांनी ३१.८. इंडिपेंडंट काय? क्रियापद. बऱ्याच जणांचं "अपघात" येतं, चूक, फिल्म तर सगळ्यांनी त्याच बघितल्या.

दुसरं आपल्या गोव्यातलंच आहे, आणि हे कुठल्याच वर्गात सांगत नाहीत ह्याचं मला नवल वाटतं. संगथ ह्या संस्थेच्या लोकांनी केलेली ट्रायल, २०१७ मध्ये लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकात आली. गोव्यातली दहा प्राथमिक आरोग्य केंद्रं, बऱ्यापैकी तीव्र डिप्रेशन असलेले ४९५ जण. एका गटाला नेहमीचे पण जरा सुधारलेले उपचार, दुसऱ्याला तेच उपचार आणि वर समुपदेशनाची सहा ते आठ सेशन, आणि ती देणारे डॉक्टर नव्हेत, ट्रेनिंग दिलेली साधी माणसं. तीन महिन्यांनी दुसऱ्या गटातले ६४ टक्के बरे म्हणण्याजोगे झाले, पहिल्यातले ३९ टक्के. बरं होणं म्हणजे काय? नऊ प्रश्नांच्या पीएचक्यू-९ ह्या चाचणीत स्कोअर दहाच्या खाली, झाली ऑपरेशनल डेफिनिशन. गट रँडम पाडलेले, मोजायला येणाऱ्यांना कोण कुठल्या गटातला ते माहीत नव्हतं. कंट्रोल ग्रुपला उपचाराविना ठेवलं नव्हतं हेही बघा, तिथं एथिक्स येतं. भाचीनं पाऊण तासात त्यातले अकरा शब्द शोधले.

आमच्या झोपेच्या प्रयोगातही इन्फॉर्म्ड कन्सेंट, म्हणजे काय करणार ते सांगून घेतलेली परवानगी, मुलांच्या आयांकडून घेतला होता, मुलांनाही विचारलं होतं, आणि मधेच उठून जायची मुभा होती, दोघं गेलीही, खाली क्रिकेट सुरू झालं म्हणून. उरलेल्यांना शेवटी सगळं समजावून सांगितलं, ते डीब्रीफिंग. झोपेच्या गटाला सरासरी दीड शब्द जास्त आठवले, पण अठरा मुलांवरून मी काही म्हणणार नाही, आईनं मात्र निकाल जाहीर करून टाकलाय.

काकांचं डीब्रीफिंग जड गेलं. त्यांनी तीन बरोबर काढल्या, एक चुकली. तीन किंवा त्याहून जास्त बरोबर यायचे सत्तरातले सतरा प्रकार, म्हणजे पी जवळजवळ ०.२४, नल काही हलला नाही. हे सांगितल्यावर काका म्हणाले चौथ्या वाटीतलं वाटप मिक्सरातलं असलं तरी नारळ चांगला होता म्हणून ते रगड्यासारखं लागलं. भाचीनं विचारलं, आणि आजोबा, नारळ सारखाच घेऊन परत केलं आणि परत चुकलात तर? काका म्हणाले, मग मीठ बघावं लागेल. तिनं वही उघडली आणि पहिल्या रकान्यात लिहिलं, फॉल्सिफायेबल, दुसऱ्यात, चुकीचं ठरवता येईल असं, तिसऱ्यात, काकाआजोबांचा दावा नाही.